सात तारखेच्या आत

वडिवळे, २ जुलै २०२५

अनिता,

पत्राच्या सुरुवातीला ‘अनेक आशीर्वाद’ लिहायची रीत आहे म्हणे. सवितानं लिहिलं होतं, मी खोडायला लावलं. ज्या लेकीच्या नावानं आम्ही ती जिवंत असताना दहाव्याचे पिंड मांडले, तिला आशीर्वाद कुठल्या तोंडानं देऊ? नुसतं अनिता राहू दे.

सविता म्हणजे तुझ्या वर्गातली, तीच. आता गावातली अंगणवाडी सांभाळते. अक्षर तिचं, बोलणं माझं. मी ‘न्हाई’ म्हणते, ही ‘नाही’ लिहिते. शिकलेल्या बायकांचं असंच, दुसऱ्याचं तोंड धुतल्याशिवाय कागदावर येऊ देत नाहीत. तुझा पत्ता बावीस वर्षं हिच्याकडे होता. माझ्या ओट्यावर बसून माझ्याबरोबर शेंगा फोडल्या बाईनं, पण पत्ता काही फोडला नाही. परवा माझे कागद बघितले तेव्हा फुटला.

कागद दवाखान्याचे. मुद्द्याचं आधी सांगते, घसा फार वेळ साथ देत नाही. मशेरीनं घात केला. पुण्याच्या डॉक्टरनं नाकातून नळी घालून बघितलं आणि सांगितलं, आजी, आवाजाची पेटीच काढायला लागेल. सात ऑगस्टला. पुढं जगेन म्हणतात, पण बोलणार नाही. सत्यम तिथंच रडायला लागला. तुझा धाकटा भाऊ, टक्कल पडलंय आता त्याला. मी म्हटलं, रडतोस काय, जा, बायकोला पेढे दे.

घरी आल्यावर मात्र माझं मलाच सुचलं. दुसऱ्या कुणाचा आवाज गेला तर तो पाटीवर लिहून दाखवेल. मला कुठं लिहिता येतं? माझा आवाज गेला की मी पुरती बंद. आणि तुला एक सांगायचं राहिलंय. ते सविताला सांगून लिहून घेण्यासारखं नाही. तुझ्या तोंडासमोर सांगायचंय, माझ्या आवाजात, सात तारखेच्या आत. एकदा भेट. पुढं काही मागणार नाही.

सविताच्या फोनवरून लावला होता. तू ‘हॅलो, कोण?’ म्हणालीस. मी नुसती खाकरत बसले. मग ‘आई’ म्हणाले, तर तू ठेवून दिलास. आता तो नंबर तुला लागतच नाही.

म्हणून काल मी एक लबाडी केली. सविता मला लोणावळ्याला घेऊन गेली, जुन्या हायवेवरच्या त्या कोरियन कोंबडीच्या हॉटेलात. तुझी यशोधरा सकाळी कॉलेज करून दुपारी तिथं काम करते, हेही सवितालाच ठाऊक. काचेचं दार, भिंतीवरच्या टीव्हीत गोरी गोरी पोरं नाचत होती. आणि काळा टीशर्ट घालून तुझी चालती-बोलती हनुवटी समोर आली. ‘आजी, तिखट चालेल का?’ म्हणाली. मी म्हटलं, बाई, मी मावळातली, मला विचारतेस?

तिला मी कोण ते सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. पण लिहिता येत नाही, दूरच्या लेकीला पत्र धाडायचंय, लिहून देशील का, असं विचारलं. लगेच ‘हो’ म्हणाली. दुपारी तीननंतर गिऱ्हाईक नसतं. तेव्हा यापुढचं पत्र तिच्या हातचं येईल. माझं पत्र तू न वाचता फाडशील, पोरीच्या अक्षरातलं फाडणार नाहीस. नाव घेणार नाही, तुला ठकी म्हणेन, लहानपणी म्हणायचे तसं. पत्ता सविता लिहील.

मला नावं ठेव. ठेवायला तरी ये.

रतनबाई


लोणावळा, ९ जुलै

ठके,

अक्षर बघून घाम फुटला असेल. (आजींनी सांगितलं तसंच लिहिलंय. माझं अक्षर एवढं वाईट नाही. – लेखनिक)

ही लेखनिक फार गुणाची आहे. फक्त मधे मधे आपलं घुसडते. घुसडू दे. मी सांगितलंय, मी बोलते ते सगळं लिही, तू बोलशील तेही लिही. तेवढीच माझ्या लेकीला करमणूक.

हितं कोंबडी खायची तर आधी हातात प्लास्टिकचे मोजे घालायचे. मी म्हटलं, बाळंतपण करायचंय का कोंबडीचं? तर ही हसून हसून टेबलावर पडली. एकदा तळतात, काढून ठेवतात, पुन्हा तळतात. मग लाल पाकात घोळवतात. त्यात मिरची आणि गूळ दोन्ही, जसं सासू आणि माहेर एका ताटात. सोबत पांढऱ्या मुळ्याचे चौकोनी तुकडे, आंबटगोड. चावलं की कुर्रम आवाज येतो. पलीकडच्या टेबलावरची मुंबईची माणसं वळून बघत होती. मी त्यांना म्हटलं, दात माझेच आहेत.

(आजींनी एकच तुकडा खाल्ला. तीन ग्लास पाणी प्यायल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, मोठ्या घासाची सवय नाही. आवाजही बसलाय त्यांचा. गरम पाणी आणून दिलं.)

आवाजाचं तुला ठाऊक आहे, ठके. त्याचं हितं नको.

मी हिला विचारलं, तुझी आजी कुठं असते गं? तर म्हणाली, बाबांची आई आमच्याकडे होती, दोन वर्षांपूर्वी गेली. आणि आईची आई? ती माझ्या जन्माआधीच गेली. कशानं? तर काय म्हणाली माहितेय? आई सांगते, हट्टानं गेली.

मला ठसका लागला. खरंच लागला, हिनं पाठीवर थापट्या मारल्या. हाताला जोर आहे पोरीच्या. मनात म्हटलं, शाब्बास. म्हणजे माझाही दहावा झालाय की कुणाच्या तरी घरी. फिटंफाट झाली.

(हे मला कळलं नाही, पण लिहायला सांगितलं म्हणून लिहिलं.)

घरी भाताची लावणी चालली आहे. सत्यमची बायको म्हणते, आई, चिखलात उतरू नका. मी बांधावर बसून बायकांच्या चुका काढते, तेवढंच काम उरलंय. गाणी म्हणायला मात्र येत नाही आता. परवा बायकांनी सुरुवात केली आणि माझ्याकडं बघून थांबल्या. त्यांना तोंडभर शिव्या दिल्या, म्हटलं, म्हणा, मी काय मेले का?

दर बुधवारी तीन वाजता मी हितं दाराजवळच्या टेबलावर असते. तू आहेस तिथनं हितं यायला किती वेळ लागतो, ते तुला ठाऊक आहे. मलाही आता ठाऊक आहे.

(मी विचारलं, मुलगी कुठे असते? म्हणाल्या, लय लांब.)

रतनबाई


लोणावळा, १६ जुलै

ठके,

आज तू येशील असं वाटलं होतं. दार उघडलं की मान वर करत होते. एकदा छत्रीवाली बाई आली, चालणं तुझंच. उठून उभी राहिले. कुठल्या तरी बंगल्यावरची होती, पार्सल घ्यायला आलेली.

(आजी दाराकडेच बघत बसल्या. मी म्हटलं, पुढे? तर म्हणाल्या, ‘लिही, दाराकडं बघत होते म्हणून.’)

आज कोंबडीवर वरून तीळ भुरभुरवून आणले होते. पांढरे. तरी माझा हात पुढं जाईना. तीळ मी एकदा फार जवळून बघितलेत. तुला कळेल कशाबद्दल म्हणते ते.

त्या दिवशीचं जे झालं ते तुझ्या बापानं केलं, ठके. भावकीनं केलं. माझं त्या घरात काय चालत होतं? बाईमाणूस, चुलीपुढं उभी. तुझ्या बापाच्या शब्दापुढं मी कधी गेले का? एवढं समजून घे आणि ये.

(मी विचारलं, काय केलं बाबांनी? आजी म्हणाल्या, तू लिही, विचारू नको. मग म्हणाल्या, विचारलंस ते पण लिही.)

चोरी पकडली हिनं माझी. मी तुकडे खात नाही, पिशवीत कागदात बांधून नेते, ते बघितलं. ‘आजी, आवडत नाही तर मागवता कशाला?’ म्हणाली. मी म्हटलं, आवडतं गं, सविताच्या घरी मांजर आहे. तर कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘मांजर बुधवारी उपाशी मरत असेल नाही, तुम्ही पोचेपर्यंत?’ जीभ बघ! ही जीभ तुझ्याकडनं– म्हणजे हिच्या आईकडनं आली असणार.

(आजींना पाणीसुद्धा चमच्यानं प्यावं लागतंय. तुम्ही त्यांची मुलगी हे वाचत असाल तर कृपया या. मी ओळखत नाही तुम्हाला, पण या. एक मुलगी म्हणून सांगते.)

हे काय लिहिलंस? वाचून दाखव. नाही दाखवत म्हणते. बरं.

हिच्या आईचंही काहीतरी बिनसलंय म्हणे. चांगला स्वयंपाक करणारी बाई, पण गेला आठवडाभर वरणात मीठ नाही, नाहीतर दोनदा. काही विचारलं की म्हणते, डोकं दुखतंय. हेही लिहिलं हिनं, तोंड वाकडं करून. ‘तुमच्या मुलीला माझ्या आईच्या वरणाचं काय?’ म्हणाली. मी म्हटलं, लिही गं. मला फार बरं वाटलं ऐकून. देवा, काय बाई मी. लेकीच्या घरचं जेवण बिघडलं आणि मला बरं वाटलं.

तीन आठवडे राहिले.

रतनबाई


वडिवळे, २४ जुलै

अनिता,

पुन्हा सविताचं अक्षर. का, ते तुला ठाऊक असेल, तुझ्याच घरात घडलंय.

काल मी गेले तर यशोधरा ताट न घेताच टेबलाशी आली. हातात तिन्ही पत्रं. तुझ्या कपाटात, साड्यांच्या खाली सापडली म्हणाली. दोन स्वतःच्या अक्षरातली बघून आधी तिला वाटलं, आजींनी पत्ता चुकवला. मग सवितानं लिहिलेलं पहिलं वाचलं.

मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं होतं. खुर्ची ओढून बसली आणि हळू आवाजात म्हणाली, ‘रतनबाई, तुम्ही आईचा दहावा कुठल्या महिन्यात घातलात?’

मी म्हटलं, वैशाखात.

तिनं बोटं मोजली. ‘म्हणजे मी पोटात होते. माझाही घातलात.’

अनिता, मला ठाऊक नव्हतं. शपथेवर सांगते, ठाऊक नव्हतं. पण हे मी तिला म्हटलं नाही. ठाऊक असतं तर थांबले असते का, ते मला सांगता येईना.

ती म्हणाली, ‘माझे बाबा बौद्ध घरातले, एवढंच ना? ह्या हातानं तुम्ही पाणी घेतलंत दोनदा. तेव्हा बरं चाललं.’ मी म्हटलं, पोरी, मी बदलले गं. तर म्हणाली, ‘तुम्ही बदलला नाहीत, तुम्हाला गरज पडली. आणि माझं अक्षर वापरून माझ्या आईला रडवलंत.’ मग उठली, पाण्याचा ग्लास भरून माझ्यासमोर ठेवला, चमचा ठेवला आणि म्हणाली, ‘हे प्या. पुन्हा येऊ नका.’

तिचं सगळं खरं आहे. माझ्या तोंडाला शब्द सापडला नाही, असं पंचक्रोशीत कुणाला सांगितलं तर विश्वास बसणार नाही.

आज आखाडातली अमावस्या. गावात घरोघरी रस्सा शिजतोय, सगळ्यांची घाई, कारण उद्यापासून श्रावण. सत्यमच्या बायकोनं मला रस्सा गाळून दिला. तोही घशाखाली जाईना. आवाज तर आता असा झालाय की सविता कान लावून लिहितेय. पुढच्या वेळी एवढाही नसला तर?

एक लिहून ठेव. मागच्या पत्रात मी खोटं बोलले. तुझ्या बापाचं. खरं काय ते सविताला सांगणार नाही, ती रागानं माझ्याकडं बघतेय तरी सांगणार नाही. ते तुझं आहे.

सहा ऑगस्टला संध्याकाळी मला पुण्याला भरती करणार. वाटेत दुपारी तीन वाजता मी लोणावळ्याला थांबेन. आत येणार नाही, यशोधरेनं मनाई केलीय. पायरीवर बसेन. पाऊस असला तरी बसेन. अनिते, माझ्यावर थुंकायला ये, पण ये. तू आली नाहीस तर हे माझ्या आत राहील आणि मी जिवंत राहीन. ते मला जमायचं नाही.

रतनबाई


लोणावळा, ६ ऑगस्ट

अनिता,

तुलाच पत्र, आणि लिहितेसही तूच. वीस मिनिटं झाली तुला येऊन. मी पायरीवर होते, तू शेजारनं आत गेलीस, यशोधरेला काहीतरी म्हणालीस, आणि ती बाहेर येऊन मला दंडाला धरून आत घेऊन आली. तू वही उघडून बसली होतीस. म्हणालीस, ‘सांगा. लिहून घेते. नुसतं ऐकत बसले तर उठून जाईन. लिहिताना हात तरी अडकलेले राहतील.’

लिही मग. सत्यम बाहेर गाडीत आहे. त्याला वाटतंय, आई श्रावणात कोंबडीच्या हॉटेलात शिरली, डोक्यावर परिणाम झाला. गावात कळलं तर माझाच दहावा घालतील.

हसू नको, बरं. हसलीस का? नाही? मला वाटलं.

कान जवळ आण. एवढाच आवाज आहे.

तू गेल्यावर तुझा बाप काही करणार नव्हता. तो म्हणाला, ‘रतन, गेली ती गेली. दोन वर्षं रागावू, मग पोरबाळ घेऊन येईल, तेव्हा घेऊ घरात.’ त्याचं मन मऊ होतं, तुला ठाऊक आहे. मी म्हटलं, नाही. मी. भावकीतला बजरंग पारावर हसला होता तुझ्या नावानं, ते माझ्या कानावर आलेलं. मी म्हटलं, दहावा घाला, म्हणजे सगळ्यांची तोंडं बंद होतील. तांदूळ मी शिजवले. पिंड मी वळले. वर काळे तीळ माझ्या बोटांनी टाकले. तुझा बाप धरणाच्या काठी तोंड फिरवून बसला होता.

कावळा शिवेना. तास गेला, दोन तास गेले. शिवणार कसा, मेलं होतं कोण? कावळ्याला अक्कल होती. पण लोक म्हणायला लागले, पोरीचं मन अडकलंय कशात तरी, काहीतरी कबूल करा. कुणी साडी कबूल केली. कुणी म्हणालं, सत्यमला शिकवू. कावळा झाडावरच. मग मी मनातल्या मनात म्हटलं, अनिते, मी तुला घरी घेऊन येईन. आणि तो खाली उतरला, अनिता. लगेच उतरला. लोक म्हणाले, सुटली. आणि मी घरी जाऊन जेवले. पोटभर जेवले त्या दिवशी.

बावीस वर्षं. मनातलं होतं, कुणी ऐकलं नव्हतं, म्हणून मी ते नसल्यासारखं केलं.

थांबू नको. अजून आहे. मोठं तेच आहे.

तीन वर्षांपूर्वी तुझा बाप गेला. शेवटचे आठ दिवस तो तुझं नाव घेत होता. ‘अनिताला बोलाव.’ रोज. मी म्हटलं, निरोप धाडलाय. मग म्हटलं, ती येत नाही म्हणाली. मी निरोप धाडलाच नव्हता. धाडला असता तर तू आली असतीस आणि सगळ्यांच्या देखत तो तुला सांगून गेला असता की हे रतननं केलं. मला त्याची भीती वाटली. तो गेला तेव्हा त्याला वाटत होतं, लेकीनं नाही म्हटलं.

लिही. पेन खाली ठेवू नको. अनिते. लिही, ‘तिनं माझ्या बापाला खोटं सांगून मारलं.’ माझ्या आवाजात लिही. उद्यापासून मला हे बोलता येणार नाही आणि मी बोलले होते याला साक्ष फक्त तुझं अक्षर.

मला वाटलं होतं, हे झाल्यावर मी माफी मागेन. मागायला तोंडच उरलं नाही. म्हणून मागत नाही. ये म्हणाले, तू आलीस. माझ्यापेक्षा तू मोठी निघालीस.

यशोधरेनं वाटीत पाणी आणलं, कोंबडीचं, गाळून. फुंकून दिलं नाही, पण गार करून आणलं. श्रावण मोडायचा तर मोडू दे. दोन चमचे गेले.

सत्यम हॉर्न वाजवतोय. बस, एवढंच. सही मला येत नाही, अंगठा उठवते. शाई नाही तर तो लाल पाक चालेल.


वरचं सगळं मी लिहून घेतलं. त्यांनी सांगितलं तसंच आहे, शब्द बदललेला नाही. दोन ठिकाणी मी उठून दारापर्यंत गेले होते, ते पत्रात आलेलं नाही.

माझे अप्पा मला नाकारून गेले नाहीत, हे मला आज कळलं. आणि त्यांना मात्र उलटं कळलं. याचं काय करायचं ते मला सुचत नाही. गाडीपर्यंत मी रतनबाईंना धरून नेलं. सत्यम मला बघून गाडीतून उतरला आणि तसाच उभा राहिला. मी त्याला म्हटलं, सावकाश चालव.

आई, माफ केलं असं लिहिणार नाही, कारण ते खोटं होईल आणि या वहीत खोटं पुरे झालं. उद्या सकाळी सातला मी दवाखान्यात येते. तुला आत नेतील तेव्हा मी बाहेर असेन. तू शुद्धीवर ये. आवाज नसला तरी चालेल. माझं बावीस वर्षांचं बोलायचं साठलंय. आता मी बोलणार आणि तू ऐकायचंस.

अनिता